जुळत नाही असं मी सांगितलं

मी बोलायला बसले की समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय उठत नाही, असं माझ्या घरचे म्हणायचे. ते काही कौतुकानं म्हणत नसत, पण मी मात्र ते कौतुक म्हणूनच घेत आले. नर्सच्या नोकरीत असा स्वभाव कामाला येतो. इंजेक्शनला दंड पुढे न करणारा पैलवान असो की टाके काढू न देणारी म्हातारी, शेवटी वॉर्डातून मलाच बोलावणं यायचं.

उल्हासनगरच्या ज्या हॉस्पिटलात मी ऐंशीच्या दशकात लागले, ते एका सिंधी डॉक्टरांचं होतं. खाली कापडाची दुकानं, वरचे दोन मजले आमचे, आणि मागच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या मशीनची दिवसभर घरघर. सुरुवातीला बाळंतपणं, हर्निया आणि काविळीचे पेशंट एवढंच काम होतं. नव्वदीचं दशक लागल्यावर डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं डायलिसिसची दोन मशीन आणली. हौस ठीक होती, पण डायलिसिसला भरपूर आणि एकदम स्वच्छ पाणी लागतं, आणि आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसे. टँकरला उशीर झाला की पेशंट खाटेवर पडून जिन्याकडे बघत राहायचे आणि मी खाली रस्त्यावर उभी राहून टँकरवाल्याच्या नावानं बोटं मोडायची.

डॉक्टर भले माणूस, पण समजावून सांगायचं म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. दोन वाक्यं इंग्रजीत, दोन हिंदीत बोलून ते माझ्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, आप समझाओ. मेरी बात इनके पल्ले नहीं पड़ती." मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलनं दोन किडन्या काढायची आणि नातेवाइकांना भोवती बसवायची. माझं चित्र बघून एका आजोबांनी या भोपळी मिरच्या कशाला, असं विचारलं होतं. डायलिसिस म्हणजे चहाची गाळणी दुसऱ्याच्या घरून आणून आठवड्यातून दोनदा वापरायची, आणि किडनी बदलणं म्हणजे गाळणी आपल्या घरी आणायची, असं माझं ठरलेलं सांगणं होतं. जिवंत माणूस आपल्या दोनातली एक देऊ शकतो, सगळ्या तपासण्या नीट आल्या तर उरलेल्या एकीवर तो पुढं सगळं करू शकतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगायची.

लोकांचे समज तरी किती. किडनी दिलेल्या बाईला मूल होत नाही. पुरुषाला बाईची बसवली तर त्याचा आवाज बदलतो. डाव्या बाजूची दिली तर चालतं, उजवी देव्हाऱ्याकडे असते म्हणून देऊ नये. मला हसू यायचं, पण मी हसत नसे. खरेदी-विक्री बंद करणारा कायदा त्या सुमारास नुकताच आला होता, त्यामुळे आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं, यांच्यातूनच कुणीतरी तयार होणं हाच सरळ मार्ग होता. म्हणजे घरातल्या घरात कुणाला तरी पोट चिरून घ्यायला राजी करायचं, आणि ते काम हॉस्पिटलनं माझ्यावर सोपवलं होतं. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

सोनिवलीचे बाबा आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते. घरची भातशेती, आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात पंचवीसेक वर्षं पाळीची नोकरी. बीपीची गोळी बरं वाटलं की सोडायची, हा आपल्याकडचा रिवाज त्यांनी मनोभावे पाळला होता, त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. दिवसाला मोजून तांब्याभर पाणी प्यायची परवानगी होती. पायाला सूज आली की मी रागावायची आणि ते आज्ञाधारक पोरासारखे मान खाली घालायचे. मला त्यांचा लळा लागला होता, हेही आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

घरात चार माणसं तपासली. बायकोला साखर होती, तिचा प्रश्नच मिटला. मुलगा तयार होता, पण त्याचा रक्तगट जुळेना. भाऊ पहिल्या दिवशी छाती काढून आला आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलाच नाही. उरली लेक. ती मांजर्लीत दिलेली, पंचविशीची, पदरात तीन-चार वर्षांची मुलगी. तिचा रक्तगट बापाचाच होता. मी खुश झाले आणि बाबांना बातमी सांगायला गेले, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"पोरीच्या घरचं पानी पीत नाय मी," ते म्हणाले, "आन् तिच्या पोटातली किडनी घेऊ?"

हे मला ठाऊक असायला हवं होतं. लेकीच्या सासरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा नेम आमच्याकडेही माझ्या आजोबांनी पाळलेला. पुष्कळ ठिकाणी नातवंड झालं की तो सुटतो, पण बाबांनी नात झाल्यावरही सोडला नव्हता. मांजर्लीला गेले तर अंगणातच बसायचे, नातीला मांडीवर घ्यायचे आणि कोरड्या घशानं परत यायचे. एरवी सुद्धा तहानेनं जीव जाणाऱ्या माणसानं हे चालवलं होतं.

तीन डायलिसिस मी त्यांच्या उशाशी बसून डोकं फोडलं. देवाधर्माचं काढलं, नातवंडांचं काढलं, रागावून बघितलं. चौथ्या खेपेला मला सुचलं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, बाबा, किडनी सासरची नाही, माहेरची आहे. लग्नात तुम्ही भांडी दिलीत, ती तिकडची झाली. पण ही तर जन्माला येतानाच तुमच्याकडून घेऊन आली होती. तुमचीच वस्तू तुम्हाला परत घ्यायला कसली लाज. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. वर्षभरात त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हाताला सुया टोचलेल्या म्हणून हलता येईना, पण पोट हलत होतं.

बाबा वळले, तर तिकडे सासू अडली. तिचं म्हणणं सरळ होतं: लग्न झाल्यावर ती आमची, अजून मुलगा व्हायचाय, आणि तिला काही झालं तर तीन वर्षांच्या पोरीला कोण बघणार. मी एका रविवारी कुळगावातल्या माझ्या घरून मांजर्लीला चालत गेले. ओसरीवर सगळे बसले होते, सासरा, सासू, दीर, नवरा, दोन शेजारी. मी कॅलेंडर उलटं करून किडन्या काढल्या, गाळणीही मागून घेतली. मूल होऊ शकतं, फक्त ऑपरेशननंतर काही काळ थांबायचं आणि डॉक्टरांना विचारून पुढं जायचं, हे सासूला तीन तऱ्हेनं सांगितलं. दिवस मावळायच्या आत सासूनं मान हलवली. नवऱ्यानं तर, तिच्या बापासाठी मी नाही कसं म्हणू, असं बोलून मला गारच केलं. मी विजयी होऊन घरी आले आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

त्या ओसरीवर लेक नव्हती. ती आत चहा करत होती. कप घेऊन बाहेर आली, सगळ्यांना दिले, माझ्या हातातली गाळणी परत घेतली आणि आत गेली. आज मला त्या संध्याकाळचा बाकी तपशील पुसट आठवतो, पण हे स्वच्छ आठवतं. बाबा धरून सात माणसांची संमती मी गोळा केली आणि आठव्या माणसाला फक्त चहा छान झालाय म्हणाले.

पुढच्या तपासण्यांसाठी तिचं रक्त मुंबईला पाठवलं, ऑपरेशनही तिथंच व्हायचं होतं. रिपोर्ट यायला वेळ होता. मधे एक दिवस ती बापाचा डबा घेऊन आली, तेव्हा तिचा चेहरा बघून मला काहीतरी वाटलं. बीपी बघायचं निमित्त काढून मी तिला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. विचारलं, तुला द्यायची आहे ना. तर ती एकदम रडायलाच लागली. पदर तोंडात कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मधून मधून बोलत होती ते एवढंच, की पोट कापतील त्याची भीती वाटते, मुलगी लहान आहे, आणि मला कुणी विचारलंच नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही, नुसती रडत राहिली.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढ्या लोकांना समजावणारी मी, आणि जिच्या पोटावर सुरी चालायची तिला विचारायचं विसरले. त्या लाजेत मी काय करावं? जे नेहमी करते तेच केलं. निकाल लावून टाकला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, तू घाबरू नकोस, मी बघते.

रिपोर्ट आला. जुळत होतं. डॉक्टर खुशीत पाकीट नाचवत आले, तेव्हा मी त्यांना केबिनमध्ये नेऊन सगळं सांगितलं. मनाविरुद्ध देणाऱ्याला मोकळं करायची एक वाट सगळीकडे आहे, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. घरच्यांना जुळत नाही म्हणायचं, म्हणजे त्या माणसावर बोट येत नाही. डॉक्टरांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "पक्का? उसने ना बोला?" मी म्हटलं, पक्का. खुर्चीत मागे टेकून त्यांनी एवढंच सांगितलं, की मग घरच्यांना तुम्हीच सांगा.

मी जिन्याखालच्या बाकावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, पुढच्या तपासणीत जुळत नाही. सासूनं देवाला हात जोडले. नवरा खाली बघत राहिला. लेक पुन्हा रडली, आणि मला वाटलं, सुटकेचं रडतेय. वर जाऊन बाबांना सांगितलं, तर ते खाटेवरून म्हणाले, बरं झालं. ते कुणासाठी बरं झालं म्हणाले, हे मी विचारलं नाही.

बाबा त्यानंतर वर्षभर राहिले. आठवड्यातून दोनदा यायचे. आधी चालत जिना चढायचे, मग मुलाच्या खांद्यावर हात टाकून, मग खुर्चीत बसवून दोघं उचलून आणायचे. दुसरी वाट काही सापडली नाही. भाताची कापणी झाल्यावर एका सकाळी सोनिवलीहून निरोप आला, आज मशीन दुसऱ्या कुणाला द्या. मी त्या दिवशी त्यांच्या खाटेवरची चादर स्वतः बदलली. खूप रडले, पण मनात कुठंतरी हेही होतं की निदान एका बाईला मी वाचवलं. तो विचार मी दोन वर्षं जपला. कुणी नातेवाईक माझ्या अंगावर ओरडला, की मी मनातल्या मनात त्या चादरींच्या खोलीत जायची आणि स्वतःची पाठ थोपटून परत यायची.

दरम्यान मी रविवारचा वर्ग सुरू केला होता. कुळगावातल्या एका शाळेनं एक खोली दिली, तिथं किडनीचे पेशंट आणि घरचे यायचे. अंबरनाथच्या नर्सिंग होममधल्या दोन-तीन नर्साही यायला लागल्या, आणि बदलापूरचे एक फॅमिली डॉक्टर मागच्या बाकावर बसून टिपणं घ्यायचे. मी सांगायची, द्यायची की नाही हे देणाऱ्यानंच ठरवायचं, त्याला एकट्याला विचारायचं, नाही म्हणाला तर त्याचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही. आणि नाव न घेता, गाव न सांगता, बाबांच्या लेकीचीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगायची. लोक मान डोलवायचे.

एका रविवारी ती वर्गात आली. शेजारच्या बाईच्या नवऱ्याला किडनीचं निघालं होतं आणि द्यायचं तिच्यावरच आलं होतं, तिला वाट दाखवायला आली होती. अंगानं वाळली होती. सुदैवानं त्या दिवशी मी उदाहरण सांगितलं नाही. वर्ग संपल्यावर शेजारीण मागच्या बाकावरच्या डॉक्टरांशी बोलत बसली आणि ही मला सतरंज्यांच्या घड्या घालायला मदत करू लागली. मी मुलीची चौकशी केली, शाळेत जाते म्हणाली. मग सतरंजीकडेच बघत तिनं विचारलं, की बापाचं आणि लेकीचं जुळत नाही, असं कसं होतं.

मी म्हटलं, होतं तसं कधी कधी, का गं. तेव्हा तिनं सांगितलं. बाबांच्या तेराव्याला सासूच्या बहिणीनं चार बायकांत विषय काढला होता, की सख्ख्या बापाचं जुळत नाही म्हणजे मग बाप कोण. हसत हसत म्हणाली होती. ते सोनिवलीपर्यंत गेलं. तेव्हापासून तिची आई कुठल्या लग्नाला, हळदीकुंकवाला जात नव्हती. देवळातसुद्धा बायका उठल्यावर जायची. सासू भांडणात तेच काढायची. आणि हिला स्वतःलाही कधी कधी वाटायचं, की आपण बाबांच्या नव्हतोच की काय.

माझ्या हातातली सतरंजी मी खाली ठेवली. जुळणं म्हणजे काय, कशाशी काय जुळतं, सख्ख्या भावंडांचंसुद्धा का जुळत नाही, हे मी शंभर वेळा शंभर जणांना सांगितलं असेल. त्या एका घराला सांगितलं नव्हतं, कारण तिथं मला खोटं लपवायचं होतं आणि जास्त बोलायचं नव्हतं. माझ्या दोन शब्दांनी एका बाईला देवळातून बाहेर काढलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं, जुळत होतं. सगळं जुळत होतं. तू बाबांचीच आहेस, तुझी आई देवमाणूस आहे, आणि उद्याच्या उद्या मी डॉक्टरांकडून तो रिपोर्ट काढून सोनिवलीला घेऊन जाते.

तिला समजायला वेळ लागला. मी पुढे बोलतच राहिले. म्हटलं, तू त्या दिवशी एवढी रडलीस, तुझी इच्छा नव्हती, मला कळलं. नाही म्हणालीस असं कळलं असतं तर माहेरी तुझ्यावर बोट आलं असतं, म्हणून मी तसं सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं, आता ती माझा हात धरेल. आभार मानेल असं नाही, पण डोळ्यांत तसं काही दिसेल. मी त्याची वाट बघत होते.

ती म्हणाली, "मी घाबरलेली होते, सिस्टर. नाही बोलले नव्हते."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं हात थोडा वर केला. मग ती बोलली, हळू, मला लागावं असा सूर न लावता. त्या दिवशी घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं होतं की भीती वाटते. त्यानं रात्रीचं जेवण स्वतः वाढून घेतलं आणि तिला म्हणाला, भीती वाटणारच, तू सांगशील तसं करू. आठ दिवस ती विचार करत होती. मुलीला माहेरी कुणाजवळ ठेवायचं, तेही तिनं ठरवलं होतं. डबा घेऊन आली की मला सांगणार होती, आणि विचारणार होती की ऑपरेशनच्या वेळी तुम्ही मुंबईला जवळ असाल का. त्याच दिवशी मी त्यांना बाकावर बसवलं आणि जुळत नाही म्हणाले.

शाळेच्या शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या. शेजारीण दारात येऊन उभी राहिली होती. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच मी समजावायला गेले नाही. मी तिची माफी मागितली, ती तिनं ऐकली. आईसाठी रिपोर्ट मात्र नक्की आणा म्हणाली. उरलेल्या सतरंज्या तिनं कोपऱ्यात रचल्या, पिशवी उचलली, आणि जाताना शेजारणीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हिलाही भीती वाटते. ही रडली तर तुम्ही जरा थांबा."